टपाला काच कशाला?

गाडीच्या टपाला काच बसवायची कल्पना ज्याला सुचली, त्याचं गाव ढगाळ असणार. ज्या मुलखात सूर्य आठवडेच्या आठवडे तोंड दाखवत नाही, तिथे तो उगवला की माणसं बागेत उताणी पडतात; त्यांना टपातून ऊन आत आलं तर बरंच वाटत असेल. मी अकोल्यात वाढले आणि गेली वीसेक वर्षं अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराला लागून असलेल्या चँडलरला राहते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. अकोल्यात मे महिन्यात वडील फियाटच्या टपावर ओलं पोतं टाकायचे आणि मागच्या काचांना आईच्या जुन्या लुगड्याचे पडदे लावायचे. घराच्या दाराला वाळ्याचे पडदे, खिडकीत कूलर, बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा. ऊन आत येऊ द्यायचं नाही, यावर अख्ख्या वऱ्हाडाचं एकमत होतं. त्यामुळे नागपुरात नोकरी करणारा माझा भाचा परवा फोनवर म्हणाला, “आत्या, विजेची गाडी बघतोय, अख्खा टप काचेचा आहे,” तेव्हा अभिनंदन करायच्या आधी मी विचारलं, “आणि झाकायची सोय?”

मागून माझा भाऊ ओरडला, “हेच मी इचारून रायलो त्याले! काहून पाहिजे काचेचा टप?”

भाच्याचं म्हणणं, अमेरिकेत तर सगळे घेतात. घेतात हे खरं. आमच्या कचेरीच्या पार्किंगमध्ये अशा गाड्यांची रांग लागलेली असते. पण त्यांतल्या बहुतेकींच्या आत डोकावलं तर टपाला आतून जाळीचा नाहीतर चंदेरी कापडाचा पडदा लावलेला दिसतो. पैसे देऊन काच घ्यायची आणि पुन्हा पैसे देऊन ती झाकायची. हा पडदा प्लॅस्टिकच्या क्लिपांवर तोललेला असतो. जुलैत क्लिपा मऊ पडतात, पडदा मधोमध झोळीसारखा लोंबतो आणि एखाद्या खड्ड्यात मागे बसलेल्या सासूबाईंच्या अंबाड्यावर उतरतो.

या गाड्यांना काचेचा टप का देतात, त्यामागे शोभेपलीकडेही एक कारण आहे. बॅटरी पायाखाली असल्यामुळे गाडीचा तळ वर येतो आणि माणूस उंच बसतो. टपाचं अस्तर काढून तिथे काच घातली की डोक्याला दोन बोटं जागा जास्त मिळते. हे मला पटतं. पण त्या दोन बोटांची किंमत उन्हाच्या गावात काय पडते, हे गाडी विकणारा सांगत नाही.

आमच्याकडचं ऊन किती, हे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते. २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग एकतीस दिवस फिनिक्सचा पारा रोज ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ४३.३ सेल्सियसला, पोचला किंवा त्याच्याही वर गेला. १९ जुलैला तो ११९ झाला, आणि त्याच दिवशीचं किमान तापमान ९७ होतं, म्हणजे सेल्सियसमध्ये ३६. रात्रीही सुटका नाही. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीने उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदवले. फिनिक्स महापालिकेने २०२१ पासून उष्णतेसाठी स्वतंत्र विभागच उघडला आहे. इथला माणूस दुकानाच्या दाराजवळची जागा शोधत नाही, तो झाड शोधतो आणि तिथून दुकानापर्यंत आनंदाने चालत जातो. स्टिअरिंगला हात लावायला हातमोजे ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि सीटबेल्टचं लोखंडी टोक दंडाला लागलं की काय होतं ते सगळ्यांनाच माहीत असतं.

चँडलरच्या शेजारी टेंपे आहे. तिथे ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आणि सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शंभर फॅरनहाइटच्या वरच्या दिवसांत त्यांनी चंदेरी रंगाच्या जोडीजोडीच्या गाड्या उभ्या केल्या, एक उन्हात आणि एक सावलीत. उन्हातल्या गाडीत तासाभरात आतली हवा सरासरी ११६ फॅरनहाइटवर (४७ सेल्सियस) गेली, स्टिअरिंग १२७ वर आणि डॅशबोर्ड १५७ वर. १५७ म्हणजे ६९ सेल्सियस. सावलीतल्या गाडीत हवा शंभराच्या आसपास होती, डॅशबोर्ड ११८. म्हणजे फरक हवेपेक्षा जास्त पडला तो वस्तूंमध्ये, ज्यांवर थेट ऊन पडत होतं त्यांच्यात. काच उजेड आत सोडते. आतल्या वस्तू तापून जी उष्णता बाहेर टाकतात ती मात्र काचेतून परत जाऊ शकत नाही. टप पत्र्याचा असतो तेव्हा निदान डोक्यावरचा भाग या खेळात नसतो.

यावर इथल्या माणसाचा उपाय ठरलेला: टिंट, म्हणजे काचेवर चिकटवायची फिल्म. नवी गाडी घेतली की दुसऱ्या दिवशी टिंटवाल्याकडे. आमच्या घराजवळच्या टिंटवाल्याचं दुकान एका टायरवाल्याच्या मागे आहे. माणूस मेक्सिकोतल्या हर्मोसिलोचा, म्हणजे उन्हाच्या बाबतीत आमच्याच बिरादरीतला. काच साबणाच्या पाण्याने भिजवायची, संगणकाने कापलेली फिल्म त्यावर सरकवायची, रबरी पट्टीने पाणी काढायचं, हीट गनने कडा बसवायच्या. मग तीन-चार दिवस काच खाली करायची नाही. त्याने मला एक गोष्ट सांगितली जी कुठल्याही जाहिरातीत वाचायला मिळणार नाही. म्हणाला, “सेन्योरा, लोक येतात आणि म्हणतात, काळं कर. थंड कर असं कुणी म्हणत नाही.”

त्याच्या काउंटरवर एक दिवा आहे आणि समोर काचेचे तुकडे खाचेत बसवलेले. पहिल्या तुकड्यावर स्वस्तातली रंगवलेली फिल्म, इतकी काळी की पलीकडचा दिवा तपकिरी दिसतो. मागे हात धरला की चटका बसतो. दुसऱ्यावर सिरॅमिक फिल्म, जवळजवळ पारदर्शक, आणि हाताला जेमतेम ऊब. माझ्या सगळ्या मतांचा पाया या दोन तुकड्यांवर आहे. काळोख आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेतली साधारण निम्मी डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये असते. ती अडवायला काच काळी करावी लागत नाही.

पण दिव्यावरही आंधळा विश्वास नको. तो दिवा बहुतेक इन्फ्रारेडच टाकतो, त्यामुळे सिरॅमिक फिल्म त्याच्यासमोर असते त्याहून भारी वाटते. उन्हात उरलेली जवळजवळ निम्मी ऊर्जा दिसणाऱ्या उजेडात असते, आणि पारदर्शक फिल्म ती आत येऊ देणारच. “नव्वद टक्क्यांवर इन्फ्रारेड अडवतो” अशी पाटी वाचली की मी एकच विचारते: एकूण सौर ऊर्जा किती अडवतो? तो आकडा नेहमी बराच लहान असतो आणि नेहमी बारीक अक्षरात असतो.

आता टपाकडे येते. कंपन्या सांगतात, आमच्या टपाची काच आधीच गडद आहे, अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवते, काळजी नको. अतिनीलचं ठीक आहे. पण गडद काच ऊन अडवते म्हणजे ते स्वतःत जिरवते. ती तापते आणि तुमच्या टाळूच्या वीतभर वर बसून उष्णता खाली फेकत राहते. एसीची झडप चेहऱ्यावर गार वारा सोडते आणि डोकं मात्र तापलेलं. अशा गाडीत दुपारी बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यावर आतून आणखी काळी फिल्म चिकटवली तर काच अजून तापेल, आणि काच तडकली तर हमी देणारा कंपनीवाला फिल्मकडे बोट दाखवेल. टपाला हवी असते ती ऊन परत पाठवणारी, आरशाच्या जातीचा थर दिलेली काच, आणि तीही कारखान्यातच बसवलेली. नाहीतर सरळ पांढरा रंग दिलेला पत्रा आणि खाली जाड अस्तर. माझ्या गाडीला तेच आहे. त्यातून तारे दिसत नाहीत हे मान्य.

विजेच्या गाडीत याचा हिशोब खिशाशी लागतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच विजेच्या गाड्या तपासल्या. बाहेर ९५ फॅरनहाइट असताना एसी लावला की एका चार्जमध्ये गाडी सरासरी सतरा टक्के कमी पळाली. ९५ म्हणजे ३५ सेल्सियस. नागपुरात एवढं मार्चमध्येच होतं. काचेच्या टपातून आत येणारा प्रत्येक वॅट बॅटरीतली वीज खर्चून बाहेर काढावा लागतो, आणि स्वच्छ दुपारी दर चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. डोक्यावर इस्त्री चालू ठेवून प्रवास करण्यासारखं आहे ते, मग काच त्यातलं काही का अडवेना.

कायद्यांनी मात्र या सगळ्यात मुख्यतः एकच गोष्ट मोजायची ठरवली आहे: काचेतून किती दिसतं. ॲरिझोनात पुढच्या बाजूच्या काचांमधून किमान ३३ टक्के उजेड आत आला पाहिजे. टेक्सासात २५, फ्लोरिडात २८. कॅलिफोर्नियात ७०. आम्ही लॉस एंजलिसला जातो तेव्हा दहा नंबरच्या महामार्गावर कोलोरॅडो नदी लागते. अलीकडे एरेनबर्ग, पलीकडे ब्लाइथ. दोन्हीकडे ऊन सारखंच जाळतं, पण पूल ओलांडला की माझ्या खिडकीची फिल्म तिथल्या नियमात बसत नाही. उष्णता किती अडवली, याचा आकडा या नियमांत कुठेच नाही.

कॅलिफोर्नियाने एकदा तो आकडा आणायचा प्रयत्न केला होता. तिथल्या हवा संसाधन मंडळाने २००९ मध्ये ‘कूल कार्स’ नावाचा नियम मंजूर केला: गाड्यांच्या काचा कारखान्यातूनच ऊन परतवणाऱ्या असाव्यात, म्हणजे एसी कमी लागेल, इंधन वाचेल. मार्च २०१० मध्ये तो मागे घेतला. आक्षेप असा की अशा काचेतला धातूचा थर मोबाइलचे, जीपीएसचे संदेश अडवेल. आणि पोलिसांच्या बाजूने काळजी ही की कैद्यांच्या पायाला बांधलेल्या पट्ट्यांचा संदेशही अडेल. गुन्हेगार कुठे आहे हे कळावं म्हणून बाकीच्यांनी भाजून घ्यावं, असा त्याचा अर्थ मी तरी घेतला. आज सिरॅमिक फिल्ममध्ये तो धातूचा अडथळा उरलेला नाही, पण नियम काही परत आला नाही.

काळ्या काचेमागे कोण बसलंय ते दिसत नाही, ही पोलिसांची भीती मला खोटी वाटत नाही. रात्री रस्त्यावर गाडी थांबवून खिडकीशी चालत जाणाऱ्या शिपायाच्या जागी मी असते तर मलाही आत दिसायला हवं असतं. पण इथे काच हे थांबवण्याचं निमित्तही होतं. वाहतुकीचा बारीकसा नियम मोडलेला असला की थांबवण्यामागचा खरा हेतू काय हे बघायची गरज नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रेन खटल्यात ठरवलं. गडद काच हा तसाच बारीकसा नियमभंग. आमच्या ओळखीतली सावळ्या रंगाची तरुण पोरं आणि त्यांचे आईबाप हे ओळखून आहेत. मुलाला गाडीची किल्ली देताना फिल्मचे टक्के विचारणारी आई मी पाहिली आहे. व्हर्जिनियाने २०२१ पासून केवळ गडद काचेसाठी गाडी थांबवायला मनाई केली. बाकी बऱ्याच ठिकाणी तो रस्ता मोकळाच आहे.

काचेतून येणाऱ्या उन्हाची आणखी एक खूण इथे डॉक्टरांना दिसते. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला. अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेशी, डावी सुरकुत्यांनी खोल चिरलेली. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. पुढची काच अतिनील बऱ्यापैकी अडवते, बाजूची साधी काच त्यातला लांब लहरींचा भाग आत सोडते. आपल्याकडे हेच उजव्या गालाला आणि उजव्या हाताला होत असणार. एसटीच्या चालकांचे उजवे हात कुणी बघितले आहेत का?

भारतात काय झालं ते वाचकांना आठवत असेल. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल दिला: काचांवर कुठलीही काळी फिल्म नको, मग तिच्यातून किती का दिसेना. मोटार वाहन नियम क्रमांक १०० मध्ये पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड येण्याची अट आधीपासून होतीच; ती कारखान्यातून आलेल्या काचेनेच पाळायची, वरून काही चिकटवायचं नाही, असा निकालाचा अर्थ. त्या वर्षीच्या मे महिन्यात चौकाचौकात पोलीस ब्लेडने फिल्म खरवडत होते. बंद काचांच्या गाड्यांत होणारे गुन्हे हे त्यामागचं कारण होतं आणि ते हलकं नव्हतं. झेड आणि झेड प्लस सुरक्षेच्या मंडळींना मात्र सवलत मिळू शकत होती. ज्यांच्या गाडीला एसी सर्वात भारी, त्यांनाच काळी काच.

नंतर नियम बदलला. २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत सुरक्षा काचेबरोबर आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काचही चालते, आणि याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही. माझ्या मते हा शहाणा निकाल आहे. टक्के मोजायचं यंत्र मुठीएवढं असतं. ते शिपायाच्या हातात द्यावं आणि मोजूनच चलान फाडावं. पारदर्शक, ऊन अडवणारी फिल्म लावणाऱ्या माणसाला गुन्हेगारांच्या रांगेत उभं करण्यात कुणाचं संरक्षण होतं, ते मला कळलेलं नाही.

आणि टपाचं काय? नियम १०० मधले ७० आणि ५० हे आकडे पुढच्या, मागच्या आणि बाजूच्या काचांचे आहेत. टपातून कुणी रस्ता बघत नाही, टपातून शिपाई आत डोकावत नाही. म्हणजे टपाची काच हवी तितकी गडद, हवी तितकी आरशासारखी असू शकते आणि कुणाचंही काही बिघडत नाही. तरी आपण २०१२ पासून भांडतोय ते बाजूच्या काचांवरून.

फिनिक्समध्ये जूनच्या दुपारीही सूर्य बरोबर डोक्यावर येत नाही. थोडा दक्षिणेला राहतो. महाराष्ट्रात तो येतो. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अकोला-नागपूरकडे भर दुपारी सावली पायाखाली गडप होते, शाळेत शिक्षक मुलांना अंगणात नेऊन तो शून्य सावलीचा दिवस दाखवतात. त्या वेळी बाजूच्या खिडक्यांवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. पडतं ते सगळं टपावर. वर्षातल्या सर्वात वाईट आठवड्यात, दिवसाच्या सर्वात वाईट तासाला, आपण नेमकी तीच बाजू काचेची करायला निघालो आहोत. पूर्वी सरकता सनरूफ होता, त्याला खाली निदान ओढायचं झाकण असे. आता विजेच्या गाड्यांत अखंड, न उघडणारी काच येऊ लागली आहे. भाच्याने शोरूममध्ये टप एकूण सौर ऊर्जा किती अडवतो असं विचारलं, तर विक्रेत्याने त्याला अतिनीलचा आकडा दिला आणि वर रात्री लागणाऱ्या रंगीत दिव्यांची माहिती.

फिल्म लावा, टप झाका, काहीही करा, उभ्या गाडीत मूल ठेवता येत नाही ते नाहीच. टेंपेच्या त्याच अभ्यासाचा अंदाज असा की दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराचं तापमान उन्हातल्या गाडीत तासाभरात आणि सावलीतल्या गाडीतसुद्धा दोन तासांच्या आत धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. १९९८ पासून अमेरिकेत हजाराहून अधिक मुलं अशी गेली आहेत. काच थोडी उघडी ठेवली म्हणून फरक पडत नाही, हे २००५ मध्येच मोजून झालं आहे. फिल्मवाले ‘सुरक्षित’ हा शब्द वापरतात तेव्हा मला राग येतो तो यासाठी. फिल्मचा उपयोग गाडी चालू असताना, एसीला मदत म्हणून. तेवढंच.

पुण्यात एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे. गाडीचं मायलेज तेच मोजून देतात आणि आपण त्या आकड्याला नावं ठेवत ठेवत त्याच्याच आधारे गाडी घेतो. त्यांनी आणखी एक चाचणी घ्यावी. मे महिन्यात दुपारी बारा ते दोन गाडी चंद्रपूरच्या मोकळ्या मैदानात उभी करायची, डोकं जिथे येतं तिथे तापमापक लावायचा, मग एसी सुरू करून पारा २६ वर यायला किती मिनिटं आणि किती युनिट लागली ते लिहायचं. हा आकडा शोरूममध्ये किमतीच्या पाटीवर, किमतीएवढ्याच अक्षरात छापायची सक्ती करावी. मग काचेच्या टपाचे जास्तीचे पैसे कोण मोजतो, ते बघू.